मिरजेची जागती रात्र

कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी 'कोण जागे आहे?' असे विचारत घरोघर फिरते, अशी आपली समजूत आहे. वर्षातून एक रात्र आपण आटीव दूध पिऊन तिच्या प्रश्नाची सोय करतो. एरवी मध्यमवर्गीय मराठी घराचे रात्रीशी फारसे सख्य नाही. साडेनऊला जेवणे आटोपतात, दुधाला विरजण लागते, दाराला कडी पडते आणि दिवस संपतो. त्यानंतर जो रस्त्यावर दिसेल तो एक तर डॉक्टरांकडे निघालेला असतो, नाही तर ही गोष्ट त्याच्या वडिलांच्या कानावर घालणे आवश्यक असते! 'नाईट लाईफ' हा शब्द आपल्याकडे आला तो चित्रपटांतून आणि प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पुस्तिकांतून. त्याचा अर्थही आपण परस्पर ठरवून टाकला : काहीतरी परदेशी, काहीतरी महागडे आणि मुलांदेखत बोलू नये असे काहीतरी.

माझे एक जुने स्नेही बरीच वर्षे जिनिव्हाला असतात. मीरासाहेबांच्या उरुसाच्या दिवसांत ते सपत्नीक मिरजेला आले आणि चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच तिथल्या सरोवराकाठच्या रात्रीचे वर्णन करू लागले. वर्णन खरोखरच ऐकण्यासारखे होते. जिनिव्हाच्या सरोवरात 'जे दो' नावाचे एक कारंजे आहे. ते १४० मीटर उंच उडते आणि दर सेकंदाला ५०० लिटर पाणी वर फेकते. रात्री त्यावर प्रकाशाचे झोत सोडतात. मौजेची गोष्ट अशी, की १८८६ साली ते सुरू झाले तेव्हा शोभेचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचा जादा दाब सोडून देण्याची ती एक झडप होती. लोक तिच्याकडेच पाहत उभे राहू लागले, म्हणून १८९१ साली ते कारंजे सरोवराच्या तोंडाशी नेऊन बसवले. जवळच पाकी नावाच्या वस्तीतला स्नानाचा धक्का आहे. तिथे हिवाळ्यात मंडळी वितळलेल्या चीजच्या पातेल्याभोवती बसून पाव बुडवून खातात आणि काही धाडसी लोक गोठवणाऱ्या सरोवरात स्वतःलाही बुडवून काढतात.

"आणि रात्री दहानंतर?" मी विचारले.

"दहानंतर मात्र घरात मोठ्याने गाणे लावायचे नाही. शेजारी सरळ पोलिसांना फोन करतात," स्नेही म्हणाले. मग त्यांनी हसत हसत विचारले, "तुझ्या मिरजेत रात्री पाहण्यासारखे काय आहे रे? डास?"

मी म्हटले, "दुपारी जरा झोप काढ. रात्री सांगतो."

जंक्शन

मिरजेची रात्र पाहायची तर आरंभ स्टेशनापासून करावा. एकेकाळी मीटरगेज, नॅरोगेज आणि ब्रॉडगेज अशा तिन्ही मापांचे रूळ येथे एकत्र येत. कोल्हापूरची गाडी १८९१ पासून धावू लागली. पंढरपूरकडची बार्शी लाईटची चिमुकली गाडी पुढे १९२७ साली मिरजेपर्यंत आली. वारकऱ्यांना माहेरी नेणारी ती गाडी इतक्या सावकाश जाई, की चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येते, असे विनोद तिच्यावर होत असत. आता सारे रूळ एकाच मापाचे झाले आहेत. प्रवासी मात्र अजून नाना मापांचे आहेत. बाकावर एकीकडे कानडी, दुसरीकडे मराठी, मध्येच दख्खनी उर्दू, आणि भडंगाची पुडी तिन्ही भाषांतून फिरत असते.

याच स्टेशनात मी स्नेह्यांना एक हकीकत सांगितली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराचे पाणी आटले. तेव्हा एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचे पाणी भरून एक मालगाडी निघाली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा पल्ला रात्रभर कापून १२ एप्रिलच्या पहाटे ती लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे कितीतरी आठवडे अशा खेपा चालू राहिल्या.

स्नेही इंजिनियर. त्यांनी लगेच मनात भागाकार केला. "म्हणजे आमच्या कारंज्याची जेमतेम सतरा मिनिटे," ते म्हणाले. नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. कारंज्याचे पाणी पुन्हा सरोवरातच पडते, त्यात कोणाचे काही जात नाही, हे त्यांना माहीत होते आणि मलाही. पण एका शहराची सतरा मिनिटांची शोभा दुसऱ्या शहराची पहाट होऊ शकते, हा हिशेब मनातून सहजासहजी जात नाही.

दुखणे आणि गाणे

स्टेशनातून बाहेर पडणारे निम्मे लोक दवाखान्याची वाट विचारतात. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी येथे मिशन हॉस्पिटल उभारले. १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे विजापूर-बेळगावपासून कोकणापर्यंतचे दुखणे मिरजेच्या वाटेला लागते. रात्री अकराला औषधांची दुकाने उघडी असतात. मोठ्या रुग्णालयांच्या आवारात घोंगड्या पसरून नातेवाईक पडलेले असतात. कोणी डब्यातली भाकरी अनोळखी माणसाला अर्धी मोडून देतो, कोणी परक्याच्या आजीसाठी चिठ्ठी घेऊन औषधाला धावतो. यांना कोणी 'नाईट लाईफ' म्हणणार नाही. पण शहर रात्री कोणासाठी जागे आहे हे पाहायचे असेल, तर ही ओळ वगळून चालत नाही.

आणि गंमत पाहा, मिरजेचे गाणेसुद्धा याच दुखण्याच्या वाटेने आले. १८७२ साली दोन मुले जन्मली. एक ऑगस्टात, कृष्णाकाठच्या कुरुंदवाडला. दुसरे नोव्हेंबरात, थेट उत्तरेकडे कैराना गावी. पहिल्या मुलाचे डोळे दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूने भाजले. (दिवाळीत मुलांच्या हाती फटाके देणाऱ्या पालकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.) उपचारासाठी त्याला मिरजेला आणले. दृष्टी पुरतेपणी परत आली नाही, तेव्हा त्याला गाण्याला घालावे असे ठरले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या पायाशी तो बसला. हेच पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे घराघरांत नेले. आज कोणतीही सुशील कन्या संध्याकाळी सात वाजता पेटी घेऊन शेजाऱ्यांची परीक्षा पाहते, त्याचे श्रेय त्यांचे!

दुसरा मुलगा म्हणजे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. प्लेगने आजारी असताना ते मीरासाहेबांच्या दर्ग्यात येऊन गायले आणि बरे झाले, अशी मिरजेची श्रद्धा आहे. ते येथेच राहिले आणि कैराना गावाचे नाव मिरजेच्या मातीत रुजले. वहिनींनी मध्येच विचारले, "किराणा घराणे ते हेच का? मी लहानपणी समजायची, की यांचे दुकान असेल."

तारेचा जीव

सतारमेकर गल्लीत पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. एका दुकानाची अर्धी फळी उघडी होती. आत एक वृद्ध कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत बसले होते. हे लोक मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तलवारींचे दिवस संपले तेव्हा फरीदसाहेब यांनी तेच हात वाद्यांकडे वळवले. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा, तुणीचे लाकूड, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा कान एवढे भांडवल. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

जवारी म्हणजे काय, हे स्नेह्यांना त्या चाचांनी शब्दांत सांगितलेच नाही. त्यांनी तार छेडली. आवाज कोरडा आला. मग घोडीवरच्या तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवला आणि पुन्हा छेडली. तोच स्वर एकदम फुलला, त्यातून आणखी स्वर निघू लागले. "दिवसा गल्लीत हॉर्न वाजतात," चाचा म्हणाले, "हे ऐकायला रात्रच पाहिजे, साहेब."

स्नेह्यांनी विचारले, "आता मोबाईलवरही तंबोरा वाजतो म्हणे?"

"वाजतो की," चाचा शांतपणे म्हणाले. "चांगला वाजतो. त्याला जवारी लागत नाही, म्हणून माझ्या पोरालाही लागत नाही. तो दुसरीकडे नोकरी बघतो." एवढे बोलून त्यांनी पुन्हा कान तारेला लावला. मानांकनाची बातमी आनंदाची खरी, पण शेवटी गिऱ्हाईक यावे लागते.

चिंचेखाली

दर्ग्याच्या बाहेर उरुसाची सारी जत्रा पेंगुळली होती. पाळणे थांबले होते, मिठाईवाले ताटांवर कापड टाकून कलंडले होते. या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. पीर मुसलमानांचा, पहिला मान चर्मकारांचा, आणि आत गाणे ऐकायला बसलेल्यांत ब्राह्मण गल्लीतले आजोबा! याचे मिरजेत कोणाला नवल वाटत नाही, आणि नवल न वाटणे हीच खरी नवलाची गोष्ट आहे.

खाँसाहेबांच्या स्मरणार्थ उरुसात संगीतसभा होते. आवारात चिंचेचे झाड आहे, त्याखाली बैठक. तिकीट नाही, कोणाला नाव विचारायचे नाही. कलावंत येथे कार्यक्रम 'करत' नाहीत, 'हजेरी लावतात'. अशाच हजेऱ्या नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही लागतात. देऊळ आणि दर्गा यांच्यात मिरजेच्या गाण्याने कधी भिंत घातली नाही.

एक तरुण गायक बसला होता. एकेका स्वराला तो इतक्या हलक्या हाताने पुढे नेत होता, की झोपलेल्या मुलाला कडेवरून गादीवर ठेवावे. माझ्या शेजारी एक हमाल मान डोलावत होता. सम आली की आमच्या दोघांच्या माना एकदमच हलत. स्नेही दहाच्या ठोक्याला गाणे बंद करणाऱ्या शहरातून आले होते. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिले आणि नंतर ते काढून खिशात ठेवले.

खाँसाहेबांची कबर येथेच आहे. त्यांचा शेवटही रात्रीचाच. ऑक्टोबर १९३७ मध्ये ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत अस्वस्थ वाटू लागले म्हणून सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर त्यांनी नमाज पढला, दरबारीच्या सुरांत ईश्वराचे नाव घेतले आणि तिथेच डोळे मिटले. देह मिरजेला आणला. फलाटावर गेलेला गवई जंक्शनाच्या गावी विसावला.

वहिनींचा प्रश्न

पहाटे आम्ही गणेश तलावाकडे वळलो. स्नेह्यांनी मोठ्या मनाने कबूल केले, "हे आमच्याकडे नाही." मी मनातल्या मनात फुगलो. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? जिनिव्हाला व्हिक्टोरिया हॉलमधला कार्यक्रम संपला, की मी शेवटच्या ट्रामने एकटी घरी जाते. सरोवराच्या काठाने चालतसुद्धा जाते. आजची ही रात्र मी एकटी आले असते, तर मला अशीच मिळाली असती?"

मला पटकन उत्तर सुचले नाही. रात्रभर मी स्त्रिया पाहिल्या होत्या : पाळीवर निघालेल्या परिचारिका, आवारात पडलेल्या कोणाच्या आया-बहिणी, फलाटावर गाठोड्याला टेकलेल्या बायका. त्या कामासाठी, काळजीसाठी जाग्या होत्या. निव्वळ आनंदासाठी जागी असलेली एकटी बाई मला कोठे दिसली नव्हती. आणि ही गोष्ट त्या गावची, जिथे १९०५ साली हीराबाई बडोदेकर जन्मल्या! खाँसाहेबांची ही लेक. घरंदाज स्त्रीने जाहीर मैफलीत सन्मानाने बसून गावे, हा पायंडा ज्यांनी पाडला त्यांत तिचे नाव अग्रभागी आहे. बाईने रात्री गावे, हे तिने समाजाला पटवून दिले. बाईने रात्री एकटीने ऐकायला यावे, हे अजून आपल्याला पटायचे आहे.

आणखी एक रात्र मला तलावाच्या काठी आठवली. याच तलावात मिरजेचे गणपती विसर्जित होतात. मिरवणुकीच्या वाटेवर मोठमोठ्या स्वागतकमानी उभ्या राहतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. सप्टेंबर २००९ मध्ये अशाच एका कमानीवरच्या चित्रावरून येथे दंगल उसळली. संचारबंदी लागली आणि हे लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेले. त्या रात्री मिरजेत कोणी झोपले नव्हते, तरी गाव जागे होते असे म्हणवत नाही. चिंचेखाली एकमेकांना मांडी टेकवून बसणारी माणसे कडी लावून एकमेकांच्या पावलांचा कानोसा घेत होती. शहराची रात्र दिव्यांच्या अभावी मरत नाही. शेजाऱ्याच्या पावलांची भीती वाटू लागली, की ती मरते.

म्हणून रात्रीचे वैभव मोजायचे माप मी आता बदलले आहे. उपाहारगृहे किती वाजेपर्यंत उघडी आणि कारंजे किती उंच, हे पुस्तिकांनी छापावे. आपण एवढेच पाहावे, की निर्धास्तपणे कोणाकोणाला जागता येते. या मापात मिरजेला काही गुण पैकीच्या पैकी आहेत आणि काही विषयांत ती अजून काठावर आहे. जिनिव्हाचे प्रगतिपुस्तकही निराळ्या विषयांत असेच असेल.

वाचकहो, कधी मिरजेला गाडी बदलायची वेळ आली आणि पुढची गाडी तीन तास उशिरा असेल, तर फलाटावर चडफडत बसू नका. सामान ठेवून बाहेर या. एखाद्या अर्ध्या फळीआड कोणी तारेखाली धागा सरकवत असेल, कोठे तंबोरा लागला असेल. आणि येताना घरातल्या लेकीसुनांनाही बरोबर आणा, पुढे त्या एकट्याही येतील. लक्ष्मी 'कोण जागे आहे?' म्हणून विचारत आली, तर तिलाही अपरात्री एकटीनेच रस्त्याने यायचे असते. तिची वाट निर्धोक असावी, एवढी तजवीज तर आपल्या हाती आहे!