पाच पत्ते आणि माशाचं ताट

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्याच्या खराडीतल्या सोसायट्यांची पार्किंग अर्धी रिकामी होतात. ईऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या आधाराने वाढलेली ही वस्ती मूळची बाहेरगावची. कुणी लातूरचं, कुणी जळगावचं, कुणी नागपूरचं. निम्मे आपापल्या गावी जातात आणि उरलेल्यांतले बरेच जण गोव्याला. अलीकडे या गोव्याच्या सहलीत एक रात्र कॅसिनोसाठी राखलेली असते. बरोबर आई-वडील असतात, मुलं असतात, कधी सासू-सासरेही. तिकीट कितीचं, जेवण त्यात आहे का, मुलांना आत घेतात का, अशी सगळी चौकशी आधी होते. एकच गोष्ट कुणी विचारत नाही: खेळायला बसल्यावर किती पैसे जातील? ते नशिबाचं, म्हणून सोडून दिलं जातं. मला हे पटत नाही. एखाद्याच्या एका रात्रीत काय घडेल हे नशिबाचं असेल, पण त्या खेळाची किंमत ठरलेली असते आणि ती घरी बसून, कागद-पेन्सिल घेऊन काढता येते. हॉटेलचं भाडं आणि टोल आपण काढतोच, तसाच हा खर्च.

आधी थोडं आपल्या राज्याविषयी, कारण ही हकीकत फारशी सांगितली जात नाही. महाराष्ट्राने कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवण्याचा कायदा १९७६ सालीच केला होता. विधिमंडळाने तो मंजूर केला, पण तो अमलात आणणारी अधिसूचना कुठल्याच सरकारने काढली नाही. मधल्या काळात मुंबई उच्च न्यायालयात त्यासाठी याचिका झाल्या. शेवटी २०२३ साली राज्य सरकारने हा कायदाच रद्द करायचं ठरवलं आणि महाराष्ट्रात कॅसिनो येणार नाहीत हे स्पष्ट झालं. जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं कायदा पुस्तकात होता आणि राज्यात कॅसिनो एकही नव्हता. इकडे जुगाराला लागू आहे तो १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा. पुण्यात कायदेशीर पैज लागते ती कॅम्पातल्या रेसकोर्सवर, पावसाळी हंगामात, घोड्यांवर. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. रमीलाही त्याच न्यायालयाने १९६८ सालीच कौशल्याचा खेळ ठरवलं होतं.

गोव्याने वेगळी वाट धरली. तिथला जुगाराचा कायदाही १९७६चाच. १९९२ साली त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना परवानगी मिळाली, आणि १९९६च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलांचे खेळ आले. पणजीला मांडवीच्या पात्रात रात्रभर झगमगणारी जहाजं दिसतात ती या दुरुस्तीमुळे. एकवीस वर्षांखालच्यांना खेळायच्या दालनात प्रवेश नाही. आणि १ फेब्रुवारी २०२०पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला बंदी आहे. ही बंदी पाहुण्यांनी नीट समजून घ्यावी असं मला वाटतं. आपल्या माणसांनी तिथे पैसे लावू नयेत असं यजमान राज्याला वाटतं. ती जहाजं चालतात बाहेरून येणाऱ्यांच्या पैशावर, म्हणजे आपल्या.

प्रवेशाच्या पॅकेजमध्ये बहुधा जेवण, पेयं आणि काही चिप्स असतात. त्या चिप्सचे दोन प्रकार असू शकतात. काही गल्ल्यावर परत देऊन पैसे घेता येतात. काही फक्त एकदा खेळण्यासाठी असतात. त्या लावून जिंकलं तर जिंकलेल्या चिप्स वटतात, पण मूळच्या वटत नाहीत. हे दारातच विचारून घ्यावं.

आता टेबलाचा हिशेब. एक शून्य असलेल्या रुलेट चाकावर सदतीस खाने असतात, पण बरोबर आकड्याला पैसे दिले जातात छत्तीस खाने असल्यासारखे. हा एका खान्याचा फरक म्हणजे २.७ टक्के, आणि तीच कॅसिनोची कमाई. दर फिरकीला पाचशे रुपये, तासाला चाळीस फिरक्या, असं तीन तास खेळलात तर साठ हजार रुपये टेबलावरून फिरले. त्याचे २.७ टक्के म्हणजे १,६२० रुपये. एखादा त्या रात्री दहा हजार जिंकेल, एखादा पंधरा हजार घालवेल, पण खेळाची सरासरी किंमत ही. दोन शून्यांच्या चाकावर ती जवळजवळ दुप्पट, ५.२६ टक्के होते. म्हणून बसण्याआधी चाकावरची शून्यं मोजावीत.

याहून जड आहे तो कर. ऑक्टोबर २०२३पासून कॅसिनोतल्या चिप्सच्या पूर्ण किमतीवर २८ टक्के जीएसटी लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के आहे. चिप्स विकत घेताना एकदाच तो लागतो. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यावर परत लागत नाही. कॅसिनो हा कर आपल्याकडून वेगळा वसूल करतो की स्वतःच्या पदरचा भरतो, यावर त्या रात्रीची खरी किंमत ठरते. जिंकलेल्या रकमेवर आयकर ३० टक्के, वर अधिभार आणि उपकर, आणि आदल्या दिवशी हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. २.७ आणि ४० हे दोन आकडे शेजारी लिहून पाहिले की चाकाकडे पाहून नशिबाचा विचार करण्यापेक्षा पावतीकडे पाहावं हे उघड होतं.

व्हिडिओ पोकर मात्र कॅसिनोंमधलाच अगदी निराळा खेळ आहे, आणि अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे जाणारे आपले आई-बाबा लास व्हेगासच्या सहलीत हमखास त्याच्यासमोर बसतात. खुर्ची असते, समोर कुणी अनोळखी खेळाडू नसतो, घाई नसते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस साय रेड या व्यावसायिकाने हे मशीन लोकप्रिय केलं. त्याची कंपनी पुढे आयजीटी नावाने जगभर पसरली. खेळ साधा आहे. बावन्न पत्त्यांतून पाच पत्ते पडद्यावर येतात. हवे ते ठेवायचे, नको ते टाकायचे, तेवढे नवे येतात आणि डाव संपतो. तीन पत्ती खेळणाऱ्याला पेअर, सिक्वेन्स, कलर माहीत असतातच. इथे तेच पाच पत्त्यांत पाहायचे. सर्वांत साध्या प्रकारात गुलामांची किंवा त्याहून मोठी जोडी आली की लावलेले पैसे परत मिळतात.

या मशीनचं वेगळेपण असं: नेवाडा राज्याच्या नियमाप्रमाणे पडद्यावर पत्ते दाखवले तर प्रत्येक पत्ता येण्याची शक्यता खऱ्या कॅटइतकीच असली पाहिजे. स्लॉट मशीनच्या पोटात काय चाललंय हे बाहेरून कळत नाही. इथे मात्र बावन्न पत्ते जगजाहीर आहेत आणि कोणत्या हाताला किती मिळणार याचा तक्ता पडद्यावरच लिहिलेला असतो. म्हणजे दोन्ही बाजू उघड. बारावीपर्यंत गणित केलेल्या कुणालाही हा हिशेब समजतो.

तक्त्यात दोनच ओळी पाहायच्या, फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी) आणि फ्लश (म्हणजे कलर). एका नाण्याला फुल हाउसवर ९ आणि फ्लशवर ६ मिळत असतील, तर अचूक खेळणाऱ्याला दीर्घकाळात ९९.५४ टक्के परत येतात. तेच मशीन, तोच रंग, तोच पडदा, पण ८ आणि ५ लिहिलं असेल तर ९७.३०. ६ आणि ५ असेल तर ९५. तासाला सहाशे डाव सहज होतात. पंचवीस सेंटची पाच नाणी, म्हणजे डावाला सव्वा डॉलर, तर तासाला साडेसातशे डॉलर मशीनमधून फिरतात. पहिल्या मशीनवर त्या तासाची किंमत साडेतीन डॉलर, दुसऱ्यावर वीस, तिसऱ्यावर साडेसदतीस. एका भिंतीला लागून ही तिन्ही मशीनं असू शकतात.

अजून एक गोष्ट या ९९.५४मध्ये दडलेली आहे. त्यातले जवळजवळ दोन टक्के फक्त रॉयल फ्लशचे आहेत: दहा, गुलाम, राणी, राजा, एक्का, सगळे एकाच रंगाचे. हा हात सरासरी चाळीस हजार डावांत एकदा येतो. तासाला सहाशे डाव धरले तर सहासष्ट-सदुसष्ट तास. सहलीत एवढं कुणी खेळत नाही, खेळूही नये. म्हणून कुटुंबाच्या हिशेबात तो धरायचाच नाही, आणि उत्तम मशीनवरसुद्धा परतावा साडेसत्त्याण्णव टक्केच मानायचा. बहुतेक मशीनवर रॉयल फ्लशचे पूर्ण पैसे पाचही नाणी लावली तरच मिळतात: एका नाण्याला २५०, पण पाच नाण्यांना थेट ४,०००. ज्यांना कमी पैशांत खेळायचं आहे त्यांनी कमी किमतीच्या नाण्याचं मशीन शोधावं, नाणी कमी लावू नयेत.

आपल्याकडच्या पत्त्यांच्या सवयी इथे नडतात. हातात पंजांची जोडी आणि एक एक्का आला की तो एक्का टाकवत नाही. टाकावा. फक्त जोडी ठेवून तीन पत्ते नवे घ्यावेत, कारण एक्का धरून ठेवला की तिसरा पंजा येण्याच्या जागा कमी होतात. लहान जोडी मोडून एका रंगाचे चार पत्ते ठेवणं योग्य. गुलामांची जोडी मोडून ठेवणं चूक. आणि भारतातून गेलेल्या पाहुण्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे अमेरिकेत मशीनवर ठरावीक मर्यादेच्या वर मोठी रक्कम लागली तर परदेशी नागरिकाचे ३० टक्के जागीच कापून घेतले जातात.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना हे वातावरण नवं नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०२२चं अधिवेशन न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीत भरलं होतं, जिथे १९७८पासून कॅसिनो आहेत. नाटकं, गाणी, पंगती आणि रस्त्याच्या पलीकडे कॅसिनोची हॉटेलं. लास व्हेगासच्या प्रसिद्ध रस्त्यावरचं पहिलं मोठं हॉटेल, एल रँचो, १९४१ साली उघडलं. रात्रभर चालणाऱ्या स्वस्त बुफेची चाल त्याच दशकात तिथे पडली. हेतू स्पष्ट होता: भूक लागली म्हणून माणूस बाहेर गेला तर तो दुसऱ्याच दारात शिरेल, त्याला इथेच जेवू घाला. आज तिथले बुफे स्वस्त राहिलेले नाहीत आणि साथीनंतर बरेच बंदही झाले. गोव्यातल्या जहाजावरच्या जेवणाची कल्पना मात्र तीच आहे. जेवणाची किंमत तिकिटात धरलेली असते, म्हणून ते पोटभर जेवावं. पण जेवण वसूल करण्यासाठी पहाटेपर्यंत थांबणं म्हणजे तिकिटाच्या वर टेबलाचा खर्च ओढवून घेणं.

माझं स्पष्ट मत असं की गोव्यातलं कुटुंबाचं खरं जेवण जहाजावर होत नाही. बुफेतलं पनीर आणि मांचुरियन खराडीतही मिळतं. पणजीत दुपारी रिट्झ क्लासिकमध्ये माशाचं ताट घ्यावं: आमटी, किसमूर, तिसऱ्या, तळलेला मासा, सोलकढी. रांग असते, थांबावं. सकाळी कॅफे भोसले किंवा कॅफे तातोमध्ये पातळ भाजी-पाव, मिरचीची भजी, गोड बन. शाकाहारी आजीचंही यात भागतं. गाडीने जाणाऱ्यांनी कोल्हापूर, आजरा, आंबोली या वाटेने उतरून सावंतवाडीला थांबावं. भालेकरांच्या खानावळीत जेवावं आणि राजवाड्यात जावं. तिथे लाखेच्या कामाचे गोल गंजिफा पत्ते आजही हाताने रंगवले जातात. दशावतारी गंजिफेत एकशे वीस पत्ते, दहा रंग, प्रत्येक रंग एका अवताराचा. मुलांना पत्त्यांचा खेळ दाखवायचाच असेल, तर मला ही जागा कुठल्याही जहाजापेक्षा योग्य वाटते.

मुलांचा प्रश्न काळजीने हाताळावा. काही जहाजांवर त्यांच्यासाठी वेगळी खोली असते, पण रात्री अकराला झोपेने पेंगणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला तिथे ठेवून आई-बाबांनी टेबलावर बसणं मला मान्य नाही. दोघांनी जावं, दोघांनी मुलांजवळ राहावं, दुसऱ्या रात्री अदलाबदल. जाणाऱ्याने ठरलेली रक्कम रोख न्यावी आणि कार्ड व फोन खोलीवर ठेवावा. हरलेलं भरून काढायला पुन्हा जावंसं वाटू लागलं, घरात आकडा लपवावासा वाटू लागला, तर हा सहलीचा प्रश्न उरत नाही. जुगाराची अनावर ओढ हा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतला आजार आहे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

बलिप्रतिपदेला शंकर-पार्वतीच्या सारीपाटाची आठवण म्हणून खेळायची जुनी रीत आहे, तेव्हा तो दिवस व्हिडिओ पोकरच्या तालमीला चांगला. एक खरा कॅट, शंभर चिंचोके आणि तक्ता लिहिलेला कागद घ्यावा: गुलामापासूनची जोडी १, दोन जोड्या २, तीन सारखे ३, सिक्वेन्स ४, कलर ६, फुल हाउस ९, चार सारखे २५. प्रत्येक डावाला एक चिंचोका, पाच पत्ते, एकदा बदल. बँक मुलांकडे द्यावी. शंभर डावांत साधारण पंचेचाळीस वेळा काही ना काही लागतं, आणि त्यातल्या एकवीस-बावीस वेळा फक्त आपलाच चिंचोका परत येतो. चार सारखे पत्ते सव्वाचारशे डावांत एकदा येतात. ते आले नाहीत तर नीट खेळूनही शेवटी हातात नव्वदच्या आसपास चिंचोके उरतात.