खाऱ्या पाण्याच्या गावी केस धुताना
शिकेकाई, रिठा, अरप्पू आणि शाम्पू : गुम्मिडिपूंडीचा अनुभव आणि आपल्याकडील उपयोग

चेन्नईच्या उत्तरेस सुमारे ४५ किलोमीटरवर, आंध्र प्रदेशाच्या सीमेलगत गुम्मिडिपूंडी हे तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील गाव वसले आहे. चेन्नईची उपनगरी रेल्वे येथवर येते. गावाशेजारी मोठी औद्योगिक वसाहत, सभोवती भात आणि भुईमुगाची शेते आणि पूर्वेस पुलिकतचे खारे सरोवर अशी या परिसराची रचना आहे. तमिळ आणि तेलुगू या दोन्ही भाषा येथे घरोघरी ऐकू येतात, आणि त्यांबरोबर केस धुण्याच्या दोन परंपराही नांदतात. तमिळ घरात ‘सीयक्काय’ म्हणजे शिकेकाई प्रमुख, तर तेलुगू घरात ‘कुंकुडुकाय’ म्हणजे रिठा प्रमुख. बाजारातील शाम्पूच्या पुड्या अर्थातच दोन्ही घरांत पोहोचल्या आहेत.

या परिसराची खरी अडचण पाण्याची आहे. आरणी आणि कोसस्थलैयार या नद्यांच्या खोऱ्यांतील भूजलाचा चेन्नई शहरासाठी आणि शेतीसाठी अनेक दशके मोठा उपसा झाला. परिणामी मिंजूर परिसरात समुद्राचे पाणी भूगर्भातून कित्येक किलोमीटर आत शिरले. किनाऱ्याजवळच्या अनेक विहिरी मचूळ झाल्या. मिंजूरजवळ काट्टुपळ्ळी येथे २०१० मध्ये दररोज १० कोटी लिटर क्षमतेचा निःक्षारीकरण प्रकल्प सुरू झाला, तो चेन्नईच्या पाण्याची गरज भागविण्यासाठी. विहिरीवर अवलंबून असलेल्या घरात मात्र अंघोळीचे पाणी कसे आहे, यावरच केस कशाने धुवावेत हे ठरते.

महाराष्ट्रातील वाचकाला ही स्थिती अनोळखी नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाण पट्टा, कोकण किनाऱ्यालगतच्या मचूळ विहिरी आणि मराठवाड्यातील खोल विंधन विहिरींचे जड पाणी या सर्व ठिकाणी ‘पाण्याने केस गेले’ ही तक्रार विस्तार कार्यकर्त्यांच्या कानी वारंवार पडते. त्या तक्रारीचे उत्तर देण्यासाठी आधी पाणी समजून घेणे आवश्यक आहे.

जडपणा आणि खारटपणा

हे दोन दोष पुष्कळदा एकच मानले जातात. ते एक नाहीत. पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे पाणी जड होते. सोडियमच्या क्षारांमुळे ते खारट किंवा विम्लधर्मी होते. समुद्राचे पाणी शिरलेल्या विहिरीत दोन्ही दोष एकत्र आढळतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००:२०१२) एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट असून, दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतला जातो.

घरच्या घरी अंदाज घेण्याची सोपी रीत अशी : दोन सारख्या बाटल्या घ्याव्यात. एकीत पावसाचे साठविलेले पाणी, दुसरीत विहिरीचे पाणी भरावे. दोहोंत अंघोळीच्या साबणाचा सारखाच कीस टाकून जोराने हलवावे. पावसाच्या पाण्यात फेस उभा राहतो. विहिरीच्या पाण्यात फेस बसून पांढरट साका तरंगू लागला, तर ते पाणी जड समजावे. नेमका आकडा हवा असल्यास पाणी परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्यावा.

साबण का नको

साबण म्हणजे तेलातील मेदाम्लांचे सोडियम किंवा पोटॅशियम लवण. जड पाण्यातील कॅल्शियमशी त्याचा संयोग झाला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला दिसणारी पांढरी रेघ ती हीच. हाच साका केसांवर बसतो. केस राठ आणि निस्तेज होतात, कंगवा अडखळतो आणि केस धुऊनही मळकट वाटतात.

दुसरे कारण आम्लतेचे आहे. डोक्याच्या त्वचेचा सामू साधारण ५.५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. साबणाच्या द्रावणाचा सामू ९ ते १० च्या घरात जातो. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. विम्ल द्रावणात केस फुगतो, खवले उचलले जातात आणि केस एकमेकांत अडकून तुटतात. जड पाण्याच्या गावी डोक्याला साबण लावणे ही म्हणूनच सर्वांत तोट्याची रीत ठरते.

शिकेकाई

शिकेकाई ही पश्चिम घाटात आणि दक्षिण भारतातील जंगलांत वाढणारी काटेरी, चढणारी वेल आहे. तिच्या वाळलेल्या शेंगांत सॅपोनिन हे नैसर्गिक फेसकारी द्रव्य असते. सॅपोनिनच्या रेणूचे एक टोक तेलाकडे आणि दुसरे पाण्याकडे ओढले जाते, त्यामुळे केसांवरील तेल व मळ सुटून पाण्याबरोबर निघतो. साबणाप्रमाणे त्याचा कॅल्शियमशी साका होत नाही. शिवाय शिकेकाईचा काढा सौम्य आम्लधर्मी असल्याने केसावरील खवले मिटलेले राहतात. जड पाण्याच्या प्रदेशांत शिकेकाई टिकून राहिली, त्यामागे हे रसायन आहे.

वापरण्याची रीत : सहा ते आठ शेंगा ठेचून, बिया काढून, रात्री अर्धा लिटर पाण्यात भिजत घालाव्यात. सकाळी मंद आचेवर दहा मिनिटे उकळून, कुस्करून, फडक्याने गाळून घ्यावे. भिजविण्यासाठी पावसाचे किंवा शुद्ध केलेले पाणी वापरणे अधिक चांगले. कोरडी पूड थेट डोक्यावर चोळू नये. तिचे कण केसांत अडकतात आणि घर्षणाने केस तुटतात. गाळलेला काढाच वापरावा आणि तो डोळ्यांत जाऊ देऊ नये. सॅपोनिनमुळे डोळ्यांची तीव्र आग होते.

रिठा

रिठ्याच्या फळाच्या सालीत सॅपोनिनचे प्रमाण भरपूर असते, म्हणून त्याचा फेस शिकेकाईपेक्षा अधिक येतो. आपल्याकडे रेशमी वस्त्रे आणि सोन्याचे दागिने रिठ्याच्या पाण्यात धुण्याची पद्धत आहे, ती याच गुणामुळे. भरपूर तेल लावलेल्या केसांसाठी रिठा उपयुक्त ठरतो. मात्र मुळात कोरड्या असलेल्या केसांवर तो एकटा वापरल्यास रुक्षता वाढते. दोन-तीन रिठे शिकेकाईच्या काढ्यात मिसळणे हा मध्यम मार्ग होय. रिठ्याची बी उपयोगाची नाही. ती फोडून काढून टाकावी.

अरप्पू, जास्वंद आणि मूग

तमिळनाडूच्या कोरडवाहू भागात ‘अरप्पू’ ही तिसरी वनस्पती प्रचलित आहे. अल्बिझिया अमारा या वृक्षाच्या पाल्याची ही हिरवी पूड पाण्यात कालवून केसांना लावतात. ती स्वस्त असून तेल सौम्यपणे काढते. शेतकऱ्यांना तिची आणखी एक ओळख आहे. हाच पाला ताकात आंबवून केलेले ‘अरप्पू मोर करैसल’ तेथील सेंद्रिय शेतीत पिकांवर वाढवर्धक म्हणून फवारले जाते.

जास्वंदीची पाने आणि भिजवलेली मेथी यांत बुळबुळीत चिकट द्रव्य असते. ते मळ फारसा काढत नाही. केसावर पातळ थर देऊन गुंता कमी करते. यांचे काम आजच्या कंडिशनरसारखे आहे. मुगाचे पीठ तेल शोषून घेते. म्हणून पारंपरिक मिश्रणात शिकेकाई स्वच्छतेसाठी, मूग तेलासाठी आणि मेथी-जास्वंद मऊपणासाठी अशी कामाची वाटणी दिसते. आवळा, नागरमोथा, वाळा आणि गवला कचरी यांची भर आपल्याकडे पडते. त्यांत सुगंधाचा भाग मोठा आहे.

शाम्पूचे स्थान

‘शाम्पू’ हा शब्द ‘चांपना’, म्हणजे चोळणे-दाबणे, या हिंदी क्रियापदावरून इंग्रजीत गेला. पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेले शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमधील ब्रायटन येथे स्नानगृह चालवून हा शब्द तेथे रुजविला. तेव्हा त्याचा अर्थ अंग चोळणे असा होता. केस धुण्याचा अर्थ पुढे आला. खेड्यापर्यंत शाम्पू पोहोचण्यात तमिळनाडूचा वाटा मोठा आहे. कडलूरचे चिन्नीकृष्णन यांनी शाम्पू छोट्या पुड्यांत विकण्याची कल्पना पुढे आणली आणि त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ पासून ती देशभर नेली.

आजच्या शाम्पूतील प्रक्षालके जड पाण्यात साका करीत नाहीत. त्यामुळे साबण आणि शाम्पू यांत निवड करावयाची असल्यास शाम्पू निश्चित सरस. तथापि सर्व शाम्पू सारखे नसतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२३ शाम्पू तपासले असता केवळ ३८ टक्क्यांच्या आसपास शाम्पूंचा सामू ५.५ किंवा त्याहून कमी आढळला. फेस अधिक म्हणजे स्वच्छता अधिक, हाही गैरसमजच आहे.

योग्य रीत अशी : प्रथम केस पूर्ण भिजवावेत. शाम्पू तळहातावर थोड्या पाण्यात पातळ करून तो डोक्याच्या त्वचेला बोटांच्या पेरांनी लावावा, नखांनी नव्हे. केसांच्या टोकांना उतरणारा फेस पुरेसा होतो. कंडिशनर मात्र टोकांना लावावे, मुळांना नको. ओला केस कमकुवत असतो, म्हणून तो रगडून पुसू नये आणि रुंद दातांच्या कंगव्यानेच सोडवावा.

धुण्याआधीचे तेल

तमिळ घरांत ‘एण्णै कुळियल’ म्हणजे तेलस्नानाचे वार ठरलेले आहेत : स्त्रियांसाठी मंगळवार व शुक्रवार, पुरुषांसाठी बुधवार व शनिवार. आपल्याकडील दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचेच हे साप्ताहिक रूप. तेथे तिळाचे तेल प्रमुख आहे. खोबरेल तेलाबाबत मात्र प्रयोगांचा आधार उपलब्ध आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेळे आणि मोहिले यांच्या अभ्यासात खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल तेल यांची तुलना केली गेली. धुण्याआधी किंवा नंतर लावले असता केसांतील प्रथिनांचा ऱ्हास फक्त खोबरेल तेलाने लक्षणीय कमी झाला. त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू सरळ आणि लहान असल्याने तो केसाच्या आत शिरू शकतो, अशी त्याची उपपत्ती आहे. जड पाण्याने केस धुण्यापूर्वी तासभर खोबरेल तेल लावणे म्हणून हितकर.

शेवटचा तांब्या

जड पाण्याच्या गावातील सर्वांत परिणामकारक उपाय सर्वांत स्वस्त आहे. केस विहिरीच्या पाण्याने धुवावेत, पण शेवटचे एक-दोन तांबे पावसाच्या साठविलेल्या पाण्याचे घ्यावेत. तमिळनाडूने २००३ मध्ये इमारतींवर पर्जन्यजल संकलन सक्तीचे केले. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसात छपरावरचे पाणी साठविता येते. खारपाण पट्ट्यात जून ते सप्टेंबर या काळात हेच शक्य आहे. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे आणि टाकी झाकलेली ठेवावी. पावसाचे पाणी नसल्यास एक लिटर पाण्यात अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस मिसळून शेवटी वापरावा. डोक्यावर जखम असल्यास लिंबू टाळावे. पाणी उकळल्याने केवळ तात्पुरता जडपणा जातो. कायमचा जडपणा आणि खारटपणा तसाच राहतो.

केसगळतीबाबत स्पष्टता

दररोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. जड पाण्याने केस राठ होऊन मधूनच तुटू शकतात. केसांच्या ताकदीवरील परिणामाबाबत अभ्यासांचे निष्कर्ष परस्परभिन्न आहेत. तुटलेला केस आखूड असतो, तर मुळापासून गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो. मुळापासून गळती वाढली असेल, तर लोहाची कमतरता, थायरॉइडचे विकार, बाळंतपण, दीर्घ ताप किंवा आनुवंशिकता ही कारणे आधी तपासावी लागतात. ग्रामीण स्त्रियांत रक्तक्षय व्यापक आहे. अशा स्त्रीला महागडी बाटली किंवा पूड सुचविण्याऐवजी आरोग्य केंद्रात रक्त तपासण्यास सांगणे, हाच विस्तार कार्यकर्त्याचा खरा सल्ला ठरेल.

उत्पादक गटांसाठी

शिकेकाई बांधावर जिवंत कुंपण म्हणून लावता येते. बियांचे कवच कठीण असल्याने त्या गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवाव्यात. शेंगा पूर्ण पक्व झाल्यावर तोडून सावलीत वाळवाव्यात. ओलसर शेंगांना बुरशी लागते व पूड काळवंडते. पूड वस्त्रगाळ करून हवाबंद भरावी, कारण भरड पुडीची तक्रार ग्राहकांकडून प्रथम येते.

विक्रीसाठी केस धुण्याची पूड तयार करणाऱ्या बचत गटांनी सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० अन्वये लागणाऱ्या परवान्याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाकडे आधीच करावी. वेष्टनावर घटक, निर्मितीची तारीख आणि डोळ्यांबाबतची सूचना द्यावी. ‘केसगळती थांबते’, ‘टक्कल जाते’ असे दावे छापू नयेत. रिठ्याचे सॅपोनिन माशांना घातक असते. म्हणून भिजविलेल्या रिठ्याचे उरलेले पाणी शेततळ्यात किंवा ओढ्यात न सोडता झाडाच्या आळ्यात ओतावे.

सारांश, जड पाण्याच्या गावी साबण टाळावा. घरात शिकेकाई असेल तर गाळलेला काढा, नसेल तर पातळ केलेला सौम्य शाम्पू, दोन्हींच्या आधी खोबरेल आणि अखेरीस पावसाचे दोन तांबे, एवढा क्रम पुरेसा आहे. त्यासाठी लागणारा बहुतेक माल शेताच्या बांधावर, जंगलाच्या कडेला आणि घराच्या छपरावर उपलब्ध आहे.