वाळवंटांतील वानप्रस्थ

गेल्या हिंवाळ्यांत धाकट्या चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत तीन महिने राहून आलों. चिरंजीव नोकरीनिमित्त फिनिक्स शहराजवळ असतात. परदेशाहून परतलेल्या मनुष्यानें तेथील उंच इमारतींचें व रुंद रस्त्यांचें वर्णन करावें असा प्रघात आहे. परंतु तें वर्णन आतां घरोघरचीं मुलेंच करितात, तेव्हां आम्हीं त्यांत भर घालण्यांत हंशील नाहीं. आमच्या मनांत घर करून राहिलीं तीं तेथील चाकांवरचीं घरें, आणि त्यांत हिंवाळा काढणारीं म्हातारीं माणसें.

फिनिक्सच्या पश्चिमेस सुमारें सव्वाशें मैलांवर, लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या हमरस्त्यास लागून क्वार्ट्झसाइट नांवाचें गांव आहे. २०२० सालच्या शिरगणतींत त्याची वस्ती अडीच हजारही भरली नाहीं. वाळवंट म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें वाळूच्या टेकड्या येतात. हें तसें नव्हे. खडेगोट्यांची सपाट जमीन, क्षितिजाशीं काळसर डोंगर, कोठें कोठें काटेरी झुडपें, आणि मधूनच 'साग्वारो' नांवाचे दोन-तीन मजले उंच निवडुंग. ह्या निवडुंगाला पहिली फांदी फुटण्यास पन्नास-साठ वर्षें, कधीं कधीं त्याहूनही अधिक काळ लागतो; पुढें तो दीडशें वर्षें सहज जगतो. साठीच्या सुमारास नवी फांदी काढणारें हें झाड त्या मुलखांतील हिंवाळी पाहुण्यांचें कुलदैवतच म्हणावें!

उन्हाळ्यांत येथील उष्णतामान ११० अंश फारेनहाइटच्या वर जातें व माणूस दिसेनासा होतो. हिंवाळ्यांत मात्र दिवस आपल्याकडील मार्गशीर्षासारखे सुखद असतात. त्याच वेळीं उत्तरेकडे मिनेसोटा, मोंटॅना आणि कॅनडांतील आल्बर्टा ह्या प्रांतांत दाराशीं कमरेइतकें बर्फ सांचतें. म्हणून नोकरीधंद्यांतून मोकळीं झालेलीं जोडपीं ऑक्टोबर-नोव्हेंबरांत दक्षिणेची वाट धरतात व वसंत लागतां परत फिरतात. त्यांना तिकडे 'स्नोबर्ड', म्हणजे हिमपक्षी म्हणतात. त्यांच्या वाहनाचें नांव 'आरव्ही'. कांहीं आपल्या एस. टी. च्या मोटारीएवढ्या, स्वतःचें यंत्र असलेल्या. कांहीं दुसऱ्या गाडीमागें ओढून न्यावयाच्या. आंत पलंग, शेगडी, शीतपेटी, न्हाणी, शौचकूप, सर्व कांहीं. फक्त अंगण नाहीं, आणि तें बाहेर हवें तेवढें आहे.

ह्या जमिनी बहुतेक सरकारच्या. त्यांवर कोणीही मुक्काम करावा, पण सामान्य नियम असा कीं अठ्ठावीस दिवसांत एका ठिकाणीं चौदाच दिवस राहावें. मग उठून दूर जावें. हा नियम ऐकतांच आम्हांला आपल्याकडील परिव्राजकाची आठवण झाली. संन्याशानें एका गांवीं फार दिवस राहूं नये, स्थिरावावें तें चातुर्मासांतच, असें शास्त्र आहे. ह्या मंडळींचाही चातुर्मास आहे, तो मात्र थंडीचा. १९८३ सालीं सरकारी भूमिखात्यानें क्वार्ट्झसाइट आदि ठिकाणीं दीर्घ मुक्कामाचीं मैदानें नेमून दिलीं. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हा त्यांचा हंगाम. बरींच वर्षें ह्या सात महिन्यांचा परवाना १८० डॉलरांस मिळे. अट मुख्यतः एकच : सांडपाणी व मैला आपल्याच गाडीच्या टांकींत सांठवावा आणि ठराविक जागींच रिकामा करावा, जमिनीवर एक थेंब सोडूं नये.

ह्या गांवाला भटक्यांची परंपरा जुनीच आहे. तेथील स्मशानभूमींत एक लहानसा दगडी पिरॅमिड आहे व त्याच्या टोंकावर तांब्याचा उंट. १८५६ सालीं अमेरिकन लष्करानें वाळवंटांतील ओझीं वाहण्यासाठीं पूर्वेकडून उंट आणले, त्यांबरोबर आलेल्या हाजी अली नांवाच्या उंटवाल्याची ही समाधि. तेथल्या जिभांना नांव पेलेना, म्हणून तो 'हाय जॉली' झाला. उंटांचा प्रयोग फसला, उंट सोडून देण्यांत आले, पण हा तिकडेच राहिला व १९०२ सालीं क्वार्ट्झसाइटास वारला. १९३५ सालीं त्याचें हें स्मारक झालें.

चिरंजीव पूर्वीं मिनेसोटांत नोकरीस असतां तेथें त्यांचे वरिष्ठ असलेले एक गृहस्थ सपत्नीक ह्या मैदानांत उतरले होते. वय चौऱ्याहत्तर, बाईंचें एकाहत्तर. बाई शाळेंत शिक्षिका होत्या, त्यामुळें आमचें गोत्र चटकन जुळलें. जानेवारींत एका शनिवारीं चिरंजीव आम्हांला तेथें घेऊन गेले.

बाईंनीं प्रथम आपला संसार दाखविला. चार खोल्यांचें घर त्यांनीं नऊ वर्षांपूर्वीं विकलें. मुलांना म्हणाल्या, हवें तें न्या. मुलांनीं छायाचित्रें नेलीं. टेबलें, कपाटें, चिनीमातीचीं भांडीं कोणालाच नको होतीं. "चाळीस वर्षें जें जपलें तें दोन दिवसांत वाटेवरच्या लोकांनीं नेलें. पहिल्या रात्रीं मी रडलें, दुसऱ्या रात्रीं झोंप लागली," असें त्या हंसत म्हणाल्या. राहिली ती एक गोधडी, मुलांच्या लहानपणच्या कपड्यांचे तुकडे जोडून शिवलेली. आमच्या कुटुंबानें ती हातीं घेऊन टांके पाहिले, आणि भाषा फारशी येत नसतांही दोघींचें बोलणें अर्धा तास चाललें.

गृहस्थांनीं पाण्याचा हिशेब सांगितला. टांकी शंभर गॅलनांची, म्हणजे सुमारें पावणेचारशें लिटरांची. ती दोघांना चौदा दिवस पुरवावयाची. माणशीं रोज साडेतेरा लिटर. ताटें आधीं कागदानें पुसावयाचीं, मग धुवावयाचीं. स्नानाच्या वेळीं अंगाला साबण लावीपर्यंत तोटी बंद. दिवे सूर्यशक्तीवर, दिवसभर छपरावरील तावदानें बॅटऱ्या भरतात, रात्रीं त्या दिवे लावतात. शीतपेटी गॅसवर चालते. दांत दुखला तर तीन-चार मंडळी मिळून यूमा शहरापलीकडे मेक्सिकोची हद्द पायीं ओलांडतात. तेथें लॉस अल्गोदोनेस ह्या गांवीं दंतवैद्यांचीं दुकानें ओळीनें आहेत, व खर्च पुष्कळच कमी येतो. पासष्टी उलटल्यावर सरकारी आरोग्यविमा असतो, पण दांतांचा खर्च त्यांत सहसा बसत नाहीं!

संध्याकाळीं आठ-दहा गाड्यांतील माणसें खुर्च्या घेऊन शेकोटीभोंवतीं जमलीं. तेथें आम्हांला एक रीत कळली. सकाळीं उठल्यावर प्रत्येकानें खिडकीचा पडदा वर करावयाचा. नऊपर्यंत पडदा वर झाला नाहीं तर शेजाऱ्यानें जाऊन दार ठोठवावयाचें. दोन हिंवाळ्यांपूर्वीं असें एक दार आंतून उघडलें नाहीं. ज्यानें ठोठावलें तो गृहस्थ आमच्या शेजारींच बसला होता. त्यानें हें सांगितलें आणि शेकोटींत एक लांकूड सारलें.

वाचकांच्या मनांत आतां तोच प्रश्न आला असेल जो आमच्या मनांत होता. ह्यांचीं मुलें कोठें आहेत? अमेरिकेंत म्हाताऱ्यांना कोणी विचारीत नाहीं, हें वाक्य आपण इतक्यांदा ऐकलें आहे कीं तें तपासून पाहण्याची गरजच वाटत नाहीं. ह्या जोडप्याच्या मुलीचा दूरध्वनि आमच्या देखत दोनदां आला. उन्हाळ्यांत दोघें मुलाच्या अंगणांत गाडी लावून सहा आठवडे राहतात व नातवंडांना पोहावयास नेतात. आमच्या कुटुंबानें धीर करून विचारलेंच, "मग कायमचें तिकडेच कां राहत नाहीं?" बाई म्हणाल्या, "आम्ही येतों तेव्हां तीं आनंदानें दार उघडतात. तें तसेंच राहावें म्हणून."

सर्वांचीच कथा अशी सुखाची नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. २००८ च्या आर्थिक पडझडींत घरें गमावलेलीं, निवृत्तिवेतनांत भाडें भागत नाहीं म्हणून गाडींत राहणारीं, सत्तरींतही हंगामी मजुरी करणारीं माणसें ह्याच मैदानांत उतरतात. जेसिका ब्रूडर ह्या बाईंनीं २०१७ सालीं त्यांच्यावर 'नोमॅडलँड' हें पुस्तक लिहिलें, व त्यावरील चित्रपटास २०२१ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. ज्याला घर आहे आणि जो तें सोडतो तो वानप्रस्थ. ज्याचें घर सुटलें तो वनवासी. बाहेरून दोघांच्या गाड्या सारख्याच दिसतात. ही गल्लत आपण करूं नये.

आणि शक्ति सरली म्हणजे? ह्या प्रश्नाचाही तेथील लोकांनीं आपल्यापरी विचार केला आहे. जो व के पीटरसन ह्या दांपत्यानें १९७८ सालीं 'एस्केपीज' नांवाचा अशा प्रवाशांचा संघ काढला. पुढें टेक्सासमधील लिव्हिंगस्टन येथें त्या संघाच्या आश्रयानें, ज्यांना प्रवास झेपत नाहीं त्यांच्यासाठीं एक केंद्र उभें राहिलें. तेथें म्हाताऱ्यानें आपली गाडी आणून लावावी, आपल्याच पलंगावर निजावें. जेवण, मदतनीस, वैद्याकडे नेणें-आणणें ही व्यवस्था केंद्रानें पाहावी. चाकें थांबलीं तरी घर सुटत नाहीं.

आमच्या यजमानांची ती वेळ जवळ येत चालली होती. त्यांची दृष्टि मंदावली आहे; सूर्यास्तानंतर ते गाडी हांकीत नाहींत. बाईंनीं सत्तराव्या वर्षीं तीस फुटी गाडी चालविण्यास शिकून घेतलें. दोघांनीं एक करार केला आहे : दोघांपैकीं कोणींही "आतां पुरे" म्हटलें, कीं दुसऱ्यानें वाद न घालतां किल्ली खालीं ठेवावयाची. "हा हिंवाळा शेवटचा असेल, नसेलही," गृहस्थ म्हणाले. "पण किल्ली कोणी हिसकावून घेण्यापूर्वीं आपण होऊन द्यावी." मग सहज त्यांनीं आम्हांला विचारलें, "तुमच्या घरची किल्ली कोणाजवळ असते?"

त्यांनीं तें सौजन्यानें विचारलें होतें. आम्हीं कांहींतरी सांगून वेळ मारून नेली. पण परतीच्या वाटेवर सव्वाशें मैल तो प्रश्न आमच्या शेजारीं बसून होता.

मनूनें सांगितलें आहे कीं, गृहस्थानें आपल्या अंगावर सुरकुत्या व डोक्यावर पांढरे केस पाहिले, आणि मुलाचें मूल पाहिलें, म्हणजे अरण्याची वाट धरावी. पत्नीस मुलांच्या हवालीं करावें अथवा बरोबर न्यावें. हें आम्हीं तीस वर्षें वर्गांत शिकविलें. सुरकुत्या आहेत, केस पांढरे आहेत, थोरल्याचा मुलगा मॅट्रिकला बसेल इतका झाला आहे. परंतु साताऱ्याच्या घरांतील मधल्या खोलींतलें कपाट, ज्यांत दागिने, कागदपत्रें, महिन्याचे पैसे व औषधेंसुद्धां असतात, त्याची किल्ली आजतागायत आमच्या जानव्याला होती. सूनबाई पंधरा वर्षें घर चालवितात. दुधाच्या पैशांसाठीं त्या आमच्यापुढें उभ्या राहत, आणि ह्याला आम्ही एकत्र कुटुंबाची शिस्त म्हणत असूं. एकत्र कुटुंब श्रेष्ठ कीं विभक्त, ह्यावर आम्हीं व्याख्यानें दिलीं आहेत. प्रश्न तो नव्हेच. घर दगडाचें असो कीं चाकांचें, वडीलधाऱ्यांना वेळीं हात सोडतां येतो कीं नाहीं, हा प्रश्न आहे. शास्त्रकारांनीं म्हाताऱ्याला वनांत पाठविलें तें त्याच्या मोक्षासाठीं खरें, पण मागें राहिलेल्या तरुणांना मोकळा श्वास घेतां यावा, हाही त्यांत विचार असलाच पाहिजे, असें आतां आम्हांला वाटूं लागलें आहे.

परत आल्यावर पाडव्याच्या दिवशीं गुढीची पूजा झाली. आम्हीं सूनबाईंना हांक मारली व जानव्यांतील किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेविली. दोन शब्द बोलावेत म्हणून आम्हीं मनाशीं जुळवून ठेविले होते, पण सूनबाई खालीं पाहूं लागल्या.

"मामंजी, रागावूं नका," त्या म्हणाल्या. "धाकटी तापानें फणफणली होती ना, पांच वर्षांपूर्वीं, तुम्ही पंढरपुरास गेलां होतां तेव्हां? औषध कपाटांत होतें. तेव्हां मीं दुसरी किल्ली करून घेतली. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून बोललें नाहीं. घेतलें तें औषधच, दुसरें कांहीं नाहीं."

आमचें कुटुंब देवघरांत तोंडाला पदर लावून हंसत होतें. त्यांना हें ठाऊक असावें. पांच वर्षें ज्या किल्लीला आम्ही जपत होतों तिचें जोडपण डब्यांत होतें, आणि तरीही सूनबाई दुधाच्या पैशांसाठीं आमच्यापुढें येऊन उभ्या राहत होत्या.

आतां दोन्ही किल्ल्या त्यांच्याकडे आहेत. मिनेसोटाच्या गृहस्थांना आम्हीं पत्र घालून त्यांच्या प्रश्नाचें उत्तर कळविलें. बाईंचें उलट टपालीं उत्तर आलें : गाडी ह्या वर्षीं पुन्हां निघणार आहे, आणि हांकणार त्या.