ग्रुप आहे, पण गट कुठे आहे?

मागच्या व्याख्यानानंतर कुणीतरी विचारलं होतं: वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप असला की गटात शिकणं आपोआप होतं ना? नाही होत. ऐंशी जणांच्या ग्रुपचा सूचनाफलक होतो. उत्तर देणं कुणा एकाचं काम नसतं.

न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार आहेत. वाद सत्य शोधण्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडेत स्वतःचा पक्ष मांडायचाच नाही, नुसतं समोरच्याचं खोडायचं. मोठ्या ग्रुपवर बहुधा शेवटचे दोनच भेटतात!

म्हणून एम.ए.च्या वर्गात आम्ही पाच-पाच जणांना एकेक गूगल डॉक दिलं. एकाने पूर्वपक्ष लिहायचा, दुसऱ्याने त्याचं खंडन, बाकीच्यांनी समासात शंका. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी रात्री अकराला नेमक्या शंका लिहू लागली.

मग आम्हीच घोळ घातला. कोणी काय लिहिलं, काय पुसलं, याचा इतिहास डॉकमध्ये राहतो. तो बघून आम्ही गुण देऊ लागलो. आठवड्याभरात सगळे सुबक, पक्कं लिहायला लागले. शंका बंद. त्या मुलीच्याही.

पुढच्या सत्रात गुण फक्त तोंडी चर्चेला ठेवले, आणि गटाने बोलावल्याशिवाय डॉक उघडायचं नाही असं ठरवलं. पहिलं बोलावणं यायला तीन आठवडे लागले.