अंदमानची सुटी आणि ऊन: गैरसमज व वस्तुस्थिती

अंदमान बेटे साधारण साडेदहा ते चौदा अंश उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात, बंगालच्या उपसागरात पसरलेली आहेत. सेल्युलर जेल, हॅवलॉक म्हणजे आताचे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप पाहायला महाराष्ट्रातून बरेच पर्यटक जातात आणि त्यांतले बहुतेक नोव्हेंबर ते एप्रिल या काळात जातात. उन्हाची तयारी मात्र अनेकदा बॅगेत सनस्क्रीनची एक ट्यूब टाकण्यापुरतीच होते. उन्हापासून बचावाचा मोठा भाग दिवसाच्या आखणीत असतो, क्रीमचा क्रम त्यानंतर लागतो. याविषयीचे रूढ गैरसमज आणि त्यामागची वस्तुस्थिती अशी:

गैरसमज १: दुपारी बारा ते तीन ऊन टाळले की पुरे.

वस्तुस्थिती: हे गणित मुंबई-पुण्याचे आहे, अंदमानचे नाही. साऱ्या भारताचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे. मुंबई त्याच्या पश्चिमेला ७२.९ अंशांवर आहे, तर पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजय पुरम) पूर्वेला ९२.७ अंशांवर. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे धरली तर दोन्ही ठिकाणच्या सूर्यात सुमारे एक तास वीस मिनिटांचा फरक पडतो. डिसेंबरात मुंबईत सूर्य साडेबाराच्या पुढे माथ्यावर येतो, पोर्ट ब्लेअरला सव्वाअकरालाच. तिथे सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी पाचला मावळतो. म्हणून नाश्ता आटोपून साडेनऊला किनाऱ्यावर पोहोचणारा माणूस सकाळच्या कोवळ्या उन्हात नव्हे, तर दिवसातल्या सर्वांत कडक उन्हात उतरलेला असतो.

यावर घड्याळापेक्षा भरवशाची खूण म्हणजे स्वतःची सावली. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की आडोशाला जावे. सूर्य ४५ अंशांच्या वर गेला की असे होते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पोर्ट ब्लेअरला ही वेळ साधारण सव्वानऊ ते सव्वाएक अशी चार तासांची असते. मुंबईत त्याच दिवसांत ती जेमतेम दोन तासांची असते.

गैरसमज २: हिवाळ्यातल्या सहलीला उन्हाची काळजी नको.

वस्तुस्थिती: डिसेंबरातही पोर्ट ब्लेअरच्या आकाशात मध्यान्हीचा सूर्य ५५ अंशांपर्यंत चढतो. एप्रिलची सहल तर आणखी कडक. मुंबईत ‘शून्य सावली दिवस’ मेच्या मध्यावर येतो. पोर्ट ब्लेअरला तो २० एप्रिलच्या आसपासच येतो. शाळांच्या परीक्षा आटोपून निघालेली कुटुंबे नेमकी त्या दिवसांत बेटांवर असतात. तेव्हा सावली सव्वाआठपासूनच उंचीपेक्षा आखूड होते आणि दुपारी दोन-सव्वादोनपर्यंत तशीच राहते.

गैरसमज ३: वारा गार असेल, उकडत नसेल, तर ऊन लागत नाही.

वस्तुस्थिती: त्वचेला भाजतात ते अतिनील किरण, ते जाणवत नाहीत. उष्णता जाणवते ती अवरक्त किरणांची आणि तापलेल्या हवेची. त्यामुळे हवामान सुखद असतानाही त्वचा पोळू शकते. याचा ठळक अनुभव पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला जाणाऱ्या बोटीच्या डेकवर येतो. खाऱ्या वाऱ्यात दीड-दोन तास छान वाटते. नाक, कानांच्या पाळ्या आणि मान लाल झाल्याचे संध्याकाळी आरशात दिसते. तापमानाचा आकडा या बाबतीत उपयोगाचा नाही. पाहायचा तो अतिनील निर्देशांक, जो हवामानाच्या बहुतेक ॲपवर मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीनुसार तो ३ किंवा अधिक असेल तर संरक्षण हवे. ८ ते १० म्हणजे अतितीव्र आणि ११ पासून पुढे टोकाचा.

गैरसमज ४: आभाळ भरून आले, छत्री असली किंवा पाण्यात असलो की धोका टळतो.

वस्तुस्थिती: विरळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येऊ शकतात. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के किरण परत फेकते आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के, म्हणून छत्रीखालीही ते बाजूने आणि खालून पोहोचतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका तळ्याकाठी झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ८१ जण साडेतीन तास उन्हाच्या वेळी बसले. ज्यांच्याकडे फक्त छत्री होती त्यांच्यातल्या ७८ टक्क्यांची त्वचा भाजली; ज्यांनी फक्त एसपीएफ १०० चे सनस्क्रीन लावले होते त्यांच्यातल्या २५ टक्क्यांची. म्हणजे एकटा कोणताच उपाय पुरा पडत नाही. झाडांची दाट सावली छत्रीपेक्षा बरी, कारण तिथून आकाशाचा फारच थोडा भाग दिसतो.

पाण्याखाली अर्धा मीटर गेले तरी पृष्ठभागावरचे सुमारे ४० टक्के किरण पोहोचतात. प्रवाळ पाहायला पालथे तरंगणाऱ्याची पाठ, मान आणि पोटऱ्या तर पाण्याच्या पातळीलाच असतात. स्नॉर्केलिंगनंतर पाठ सोलवटून निघण्याचे कारण हेच.

गैरसमज ५: सावळ्या त्वचेला सनस्क्रीनची गरज नसते.

वस्तुस्थिती: सावळ्या त्वचेतले मेलॅनिन काही प्रमाणात संरक्षण देते आणि त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण अशा त्वचेत गोऱ्या त्वचेपेक्षा बरेच कमी आहे, हे खरे. परंतु हे कवच अपुरे आहे. सावळी त्वचाही भाजते. फक्त लाली चटकन दिसत नाही. रापणे, डाग आणि गालांवरचे वांग यांचा त्रास तर याच त्वचेला अधिक होतो. त्वचेचा रंग डोळ्यांना काहीच संरक्षण देत नाही. वर्षानुवर्षे डोळ्यांवर पडलेले अतिनील किरण मोतीबिंदूला हातभार लावतात. म्हणून रुंद काठाची टोपी आणि अतिनील किरण अडवणारा गॉगल सर्वांनाच हवा. काचेचा नुसता गडदपणा पुरेसा नसतो.

गैरसमज ६: अंगात टी-शर्ट असला की झाले.

वस्तुस्थिती: कापडाचे संरक्षण यूपीएफ या आकड्यात मोजतात. यूपीएफ ५० म्हणजे किरणांचा पन्नासावा भाग आत येतो. साध्या पांढऱ्या सुती टी-शर्टचा यूपीएफ सुमारे ७ असतो आणि भिजल्यावर तो ३ पर्यंत घसरतो. दाट विणीचे, गडद रंगाचे कापड अधिक किरण अडवते. पाण्यात उतरताना पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि घोट्यापर्यंतची चड्डी हा सर्वांत सोपा उपाय आहे. कापड पुसले जात नाही आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावेही लागत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळांसाठी तर सावली आणि कपडे हाच उपाय. त्यांना सहसा सनस्क्रीन लावत नाहीत.

गैरसमज ७: एसपीएफ जितका मोठा तितके निर्धास्त, सकाळी एकदा लावले की दिवसभर पुरते.

वस्तुस्थिती: एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के यूव्हीबी किरण अडवते, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के. फरक दिसतो तेवढा मोठा नाही. शिवाय हा आकडा मुख्यतः यूव्हीबी किरणांपुरता आहे. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांतले सुमारे ९५ टक्के यूव्हीए असतात. त्यांच्यासाठी ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द किंवा ‘पीए’पुढची अधिक चिन्हे पाहावीत.

खरी चूक प्रमाणात होते. एसपीएफची चाचणी त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम क्रीम लावून करतात; प्रत्यक्षात लोक त्याच्या पाव ते निम्मेच लावतात. मोठ्या माणसाला अंगभर एकदा नीट लावायला ३० ते ३५ ग्रॅम लागते, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दोनदाही पुरत नाही. अंग कपड्यांनी झाकलेले असेल आणि चेहरा, मान, हात व पावले एवढीच उघडी असतील, तर सात-आठ ग्रॅमांत भागते. दिवसातून तीनदा या हिशेबाने पाच दिवसांच्या सहलीला माणशी तीन ट्यूब लागतात. ‘वॉटर रेझिस्टंट’चा अर्थ चाचणीत ४० किंवा ८० मिनिटे टिकलेले, एवढाच. पाण्याबाहेर आल्यावर, अंग पुसल्यावर आणि एरवी दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते.

गैरसमज ८: खोबरेल तेल पुरेसे आहे आणि प्रवाळासाठीही तेच बरे.

वस्तुस्थिती: खोबरेल तेल त्वचा मऊ ठेवते, पण किरण फारसे अडवत नाही. प्रयोगशाळेतल्या उपकरणावर त्याचा एसपीएफ सात-आठच्या आसपास मोजला गेला आहे. किनाऱ्यावरच्या उन्हाला तो अपुरा आहे. प्रवाळाची चिंता मात्र निराधार नाही. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायने असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईने २०२१ पासून बंदी घातली; पलाऊने त्याआधी, २०२० पासून अशा काही रसायनांवर निर्बंध आणले. तरीही प्रवाळाचा सर्वांत मोठा शत्रू तापत चाललेला समुद्र आहे. १९९८ आणि २०१० मध्ये अंदमानचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, ते समुद्राचे पाणी तापल्यामुळे. ‘रीफ सेफ’ या लेबलाची सर्वमान्य व्याख्या नाही, म्हणून घटकांची यादी वाचून झिंक ऑक्साइडचे क्रीम निवडावे. अंग कपड्यांनी झाकले की क्रीम कमी लागते आणि समुद्रातही कमी उतरते. प्रवाळावर उभे राहू नये. प्रवाळाचे तुकडे उचलून नेणे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

गैरसमज ९: एवढी पथ्ये पाळली तर सुटीची मजाच जाते.

वस्तुस्थिती: ही पथ्ये निवांतपणाच्या आड येत नाहीत, उलट तो घडवून आणतात. डिसेंबरात पहाटे साडेपाचला हॅवलॉकच्या पूर्वेकडच्या काला पत्थर किनाऱ्यावर सूर्योदय पाहता येतो आणि नऊपर्यंत समुद्रात राहता येते. त्यानंतरचा वेळ बोटीच्या आतल्या भागात, झाडाखाली, जेवणात आणि वामकुक्षीत जावा. पोर्ट ब्लेअरला असताना हाच वेळ समुद्रिका किंवा मानववंशशास्त्र संग्रहालयात छान जातो. दिवसातून चार ठिकाणे उरकण्याच्या नादात भर उन्हात धावपळ होते. त्याऐवजी सकाळी एक आणि संध्याकाळी एक पुरे. हॅवलॉकवरच्याच, पश्चिमेकडे तोंड असलेल्या राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहायचा असेल तर साडेतीनलाच पोहोचावे, कारण डिसेंबरात साडेपाचला येणाऱ्याला तिथे फक्त अंधार मिळतो.