गंज चढणे आणि गंज खाणे : जुन्या वाहनांच्या टाक्यांविषयी एक टिपण

भाषेच्या अभ्यासकाने लोखंडाच्या गंजाविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. निमित्त घरगुती आहे. वडिलांनी वापरलेली एक जावा मोटरसायकल आमच्याकडे आहे. म्हैसूरच्या कारखान्यात या गाड्यांचे उत्पादन १९६१ साली सुरू झाले, १९७३ पासून त्या येझदी नावाने निघू लागल्या आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. तेव्हा तिची मूळ टाकी एकदा हातची गेली म्हणजे तशीच दुसरी मिळणे दुरापास्त. त्या टाकीत गंज शिरला आणि तो काढण्याच्या खटपटीत मिस्त्रीमंडळींच्या बोलीकडे माझे लक्ष वेधले.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. लोखंड गंजावयास पाणी आणि प्राणवायू ही दोन्ही लागतात. निव्वळ पेट्रोलमध्ये बुडालेला पत्रा बहुतेक सुरक्षित असतो. धोका असतो तो टाकीतील रिकाम्या जागेत. अर्धी भरलेली टाकी एका अर्थी श्वासोच्छ्वास करीत असते. दिवसा आतील हवा तापून झाकणाच्या छिद्रावाटे बाहेर पडते. रात्री गारव्याने बाहेरची दमट हवा आत ओढली जाते व पत्र्यावर दव धरते. पाणी पेट्रोलहून जड असल्यामुळे हे थेंब ओघळून तळाच्या सांध्यात साचतात आणि महिनोन्महिने तेथेच राहतात. टाकी बहुधा तळालाच का गळते, याचे उत्तर यात आहे. अलीकडे यात एक भर पडली. भारतातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि तो मर्यादेबाहेर गेला की पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. जावासारख्या दोन-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. त्या तेलाचा पातळ थर पत्र्याला काही काळ तरी सांभाळतो. चार-स्ट्रोक गाडीला तेवढाही आधार नसतो.

आता शब्दांकडे वळू. गंज हा शब्द फारसीतील झंग या शब्दाच्या वर्णविपर्ययाने आला असावा, असे मला वाटते. हिंदीत जंग हे रूप राहिले आहे. विदर्भात गंज म्हणजे स्वयंपाकाचे भांडे, पण तो शब्द निराळा. इंग्रजीत लोखंडावरचा आणि गव्हावरचा ‘रस्ट’ एकच. आपण मात्र गव्हावर पडतो त्याला तांबेरा म्हणतो. याहून महत्त्वाची गोष्ट क्रियापदांची. गंज ‘चढतो’ असे आपण म्हणतो आणि गंजाने पत्रा ‘खाल्ला’ असेही म्हणतो. हे दोन्ही प्रयोग यथार्थ आहेत. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो फुगून वर चढल्यासारखा दिसतो. आणि तो सच्छिद्र असल्याने खालच्या धातूपर्यंत ओल पोचत राहते, म्हणून तो खातो. ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा थर घट्ट चिकटून धातूचे रक्षण करतो, तसे येथे होत नाही.

मिस्त्री हा भेद काटेकोरपणे पाळतात. टाकीला ‘चढलंय’ असे ते म्हणाले तर ती धुऊन निघेल. ‘खाल्लंय’ म्हणाले तर तिची छिद्रे गंजानेच बुजलेली आहेत आणि गंज काढताच ती उघडी पडतील, असा त्याचा अर्थ. मी हा फरक ध्यानात घेतला नाही. एका गॅरेजात हायड्रोक्लोरिक आम्लाने टाकी धुऊन घेतली. ती रात्रभर ओलीच राहिली आणि सकाळी आत सर्वत्र नारिंगी साय धरली होती. शिवाय तळाच्या सांध्याशी टाचणीएवढी दोन छिद्रे उघडी पडली. ते आम्ल गंजाबरोबर पत्राही विरघळवते, आणि उघडा पडलेला ओला पत्रा काही मिनिटांतच पुन्हा गंजू लागतो.

दुसऱ्या वेळी सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण एक दिवस भरून ठेवले, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतले आणि लगोलग गरम हवेने टाकी कोरडी केली. फॉस्फरिक आम्ल वापरल्यास पत्र्यावर लोहाच्या फॉस्फेटचा एक संरक्षक थर उरतो, हा त्याचा विशेष. टाकीत खडे किंवा नट घालून ती खळखळवण्याची रीत जुनी आहे. मात्र आत कथील-शिशाचा थर असेल तर ती टाळावी. असा पत्रा पूर्वी मोटारींच्या टाक्यांना सर्रास वापरीत. ती एक प्रकारची कल्हईच. कल्हई अखंड असेतो रक्षण करते; ओरखडा पडला की त्या जागी लोखंड उलट अधिक वेगाने गंजते. जस्ताचे तसे नाही. ते स्वतः झिजून लोखंडाला वाचवते.

ती छिद्रे बुजवताना मिस्त्रीने गॅसची ज्योत लावण्यास साफ नकार दिला, तो योग्यच होता. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरते आणि तिचा स्फोट होतो. आम्ही दोन भाग मिसळून लावावयाचा इपॉक्सीचा लेप वापरला. तो इथेनॉलला टिकणारा आहे की नाही हे आधी पाहून घ्यावे लागते, कारण काही जुने लेप त्यात सुटून येतात व कार्ब्युरेटरचा जेट तुंबवतात.

गाडी थोडे दिवस उभी राहावयाची असेल तर आम्ही टाकी काठोकाठ भरतो. पावसाळाभर राहावयाची असेल तर पूर्ण रिकामी करून आतून तेल फिरवतो. पुन्हा वापरावयास काढताना कॉकमधून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरतो. तळाशी पाणी असले तर ते वेगळ्या थराने स्पष्ट दिसते.