चिंचोके आणि एकोणचाळीस अंक

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मे महिन्याच्या सुट्टीत आई चिंचा फोडत बसली होती. "एवढं काय वाचतेस गं?" तिने विचारले. मी बारा चिंचोके घेऊन तीन-तीनच्या चार ओळी मांडल्या. मग तेरा घेतले. ते कसेही मांडले तरी सारख्या ओळी होईनात. एकच लांब ओळ झाली. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात.

मग मी वहीतली संख्या दाखवली : १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७. अंक ३९. १२७ वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून १ वजा करायचा, की ही संख्या मिळते. फ्रान्समधील मर्सेन या धर्मगुरूंनी १६४४ साली अशा काही संख्या मूळ असल्याचे सांगितले. त्यांत १२७ वेळा २ असलेली ही होती, तशीच ६७ वेळा २ असलेलीही होती. पण सांगणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे.

आई म्हणाली, "एवढे चिंचोके मांडून बघितले कुणी?"

प्रश्न रास्त होता. एकेका संख्येने भागून पाहायचे, तर सेकंदाला एक भागाकार करूनही शेकडो कोटी वर्षे पुरणार नाहीत. एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञांनी वेगळी कसोटी शोधली आणि १८७६ साली हातानेच आकडेमोड करून ही संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. पुढे १९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षे, हीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती.

त्या कसोटीला अमेरिकन गणितज्ञ लेमर यांनी पुढे सोपे रूप दिले. पाच वेळा २ घेतले तर संख्या ३१ येते. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करून २ वजा करा : १४. पुन्हा तसेच : १९४. याला ३१ ने भागून बाकी ८. पुन्हा तसेच : ६२. त्याला ३१ ने भागले की बाकी शून्य, म्हणून ३१ मूळ. येथे कृती तीनदा करावी लागली. १२७ साठी ती १२५ वेळा करावी लागते. शेवटी शून्य आले नाही, तर संख्या मूळ नव्हे.

६७ ची संख्या मूळ नाही, हेही ल्यूका यांनी १८७६ सालीच दाखवले. पण तिचे विभाजक त्यांना ठाऊक नव्हते! ते १९०३ साली अमेरिकेतील कोल यांनी शोधले : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. मर्सेन यांचे एक विधान खरे ठरले, दुसरे खोटे. २०२४ साली ४,१०,२४,३२० अंकांची मूळ संख्या सापडली, तिच्यावरही याच कसोटीने शिक्कामोर्तब झाले.

कला शाखेत आल्यावर गणित सुटले, असे मला वाटत होते. पण थोरांनी सांगितलेलेही तपासून घ्यावे, हे इतिहासाच्या तासाला ऐकलेले मला या आकड्यांत पुन्हा भेटले.

३१ चा हिशेब मी चिंचोक्यांशेजारी जमिनीवर खडूने करून दाखवला. शून्य आल्यावर आई म्हणाली, "म्हणजे मांडावे लागलेच नाहीत की!"

सातवीपर्यंतच शिकलेल्या माझ्या आईने एका वाक्यात सारे सांगितले होते.